पाण्यानं पास झालेली बाटली

चैत्री पाडव्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, टँकर रिकामा होऊन गेल्यावर पाऊण तासानं, आमच्या महिला सहकारी संस्थेत मिश्रण करणाऱ्या मावशीवर अन्याय झाला. भर अंगणात झाला, सोळा बायांच्या देखत झाला, आणि सोळातल्या एकीनंही तोंड उघडलं नाही. मी धरून.

पत्रक असंच सुरू करायचं असतं. मी कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते, आणि आधी कुणावर, मग केव्हा, मग कुणी, असा क्रम मला घोटून घोटून शिकवलेला आहे. विशेषणं शेवटी, कागद उरला तर. कुणावर आणि केव्हा हे सांगून झालं. कुणी, ते सांगायला मात्र मला बराच कागद लागणार आहे, कारण त्या सोमवारी मी जो आरोपी ठरवला तो चुकीचा होता. शिवाय तो सगळा महिना आठवला की मला राग यायच्या आधी हसू फुटतं. रागाच्या माणसाला हे शोभत नाही. पण काय करू, फुटतं!

आमचं गाव वडवणी आणि दिंद्रुडच्या मधलं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मावशी आणि तिचा नवरा असा एक कोयता लग्नापासून जात आला होता. नवऱ्याला आम्ही काका म्हणतो. त्यांच्या शेळ्या आहेत, आणि दुधाचा वास घेऊन आज शेळीनं कुठला पाला खाल्ला हे मावशी सांगू शकते. थट्टा नाही, आम्ही पैज लावून हरलोय. म्हणून संस्थेनं वाळ्याचा फवारा करायचं ठरवलं तेव्हा मिश्रणाच्या टेबलाशी कोण बसणार याची चर्चाच झाली नाही. उन्हाळ्यात मानेवर, हातावर मारायचा सुगंधी फवारा. तीन वाटे स्पिरिट, एक वाटा पाणी, आणि वाळ्याचा अर्क मावशीच्या नाकाला पटेल इतका. माल महिला गटांचा जिल्हा संघ विकणार. हे काम टिकलं तर मावशी त्या वर्षी कारखान्यावर जाणार नव्हती. काकांनीही शेळ्या राखायचं कबूल केलं होतं. तिला काय हवं होतं, तर एवढंच. एक हिवाळा आपल्या छपराखाली.

आता या सगळ्यात एक गंमत होती, आणि गावातल्या पुरुषांनी ती आमच्या आधी ओळखली. वर्षभरापूर्वी आमच्याच बायांनी मतदान घेऊन गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली, आणि बायांनी आडवीवर असे शिक्के मारले की टेबल हललं. पत्रकं माझी. आणि आता त्याच बाया स्पिरिटचा कॅन दोन बाजूंनी धरून मारुतीच्या देवळासमोरून संस्थेत नेत होत्या! परवाना होता, शिक्के होते, सगळं कायदेशीर होतं. पण पारावर बसलेल्यांना परवाना कोण दाखवणार?

"काय ग बायांनो," काकाच ओरडले, "दुकान बंद केलं आन् फॅक्टरीच आणली व्हय?"

पार खदाखदा हसला. मी जी लाल झाले ती संध्याकाळपर्यंत तशीच होते. त्याच दिवशी मी नियमावली लिहिली. स्पिरिटच्या कपाटाला दोन कुलुपं. एक चावी मावशीकडे, दुसरी चेअरमनकाकूंकडे. कपाट फक्त मिश्रणासाठी उघडायचं, दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी नाही. थेंब सांडला तर दोघींनी वहीत सही करायची. आणि शेवटचा नियम, ज्याचा मला सगळ्यात अभिमान होता: स्पिरिट हा शब्द संस्थेच्या भिंतीबाहेर काढायचा नाही. बाहेर विचारलं तर म्हणायचं, वाळ्याचं पाणी.

चेअरमनकाकूंनी नियमावली फळ्याशेजारी चिकटवली. या काकू आमच्या संस्थेच्या चेअरमन, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, आणि कुठलाही छापील कागद भिंतीला चिकटवण्याचं त्यांना वेड.

बाटली निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी एसटीनं एकटी फिरते आणि भांडते. मी परळीला गेले. स्टेशनजवळ एका गल्लीत प्लास्टिकच्या बाटल्यांचं दुकान आहे. दुकानदार म्हातारे, दाढी पांढरी, आणि दाढीवर, बाटल्यांवर, गल्लीवर, सगळीकडे वीजकेंद्राच्या राखेचा एक हात फिरलेला. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी एक-दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, आणि मग माझी नजर त्या बाटलीवर पडली.

काय सांगू! कडक. काचेसारखी आरपार. खांदे चौकोनी, वर सोनेरी टोपण, नखानं वाजवलं तर टिंग. बाटली नव्हती ती, नवरी होती. चाचांनी आणखी सहा प्रकार दिले नमुन्याला. दुधी रंगाच्या, मऊ, दाबल्या की आत जाणाऱ्या. मी त्या पिशवीच्या तळाशी टाकल्या, आणि नवरी मांडीवर घेऊन वडवणीपर्यंत आले.

बाटल्यांची परीक्षा आम्ही टँकरच्या दिवशी घेतली. परीक्षेला पाणी लागतं ना. आणि पाणी वाया घालवील अशी एकही बाई आमच्याकडे नाही. एक तांब्या घेतला. पहिल्या बाटलीत भरलं, हलवलं, उलटं केलं, दाबून बघितलं, मग तेच पाणी दुसरीत, मग तिसरीत. सात बाटल्यांची परीक्षा एका तांब्यात झाली आणि उरलेलं पाणी शेळीनं प्यालं. नवरीनं सगळ्यांना मागं टाकलं. गळती नाही, फवारा असा की तोंडावर धुकं उतरावं. बाया एकमेकींच्या तोंडावर मारत होत्या आणि किंचाळत होत्या.

"पर आत जायचंय त्येच भरून बघावं न्हाई का?" मावशी म्हणाली.

मी तिला भिंतीवरचा नियम वाचून दाखवला. कपाट फक्त मिश्रणासाठी. चेअरमनकाकूंनी नवरीवर खडूनं लिहिलं: पास.

माल भरला, खोकी संघाच्या गोदामात गेली, पाडवा गोड झाला. आणि मग तो सोमवार.

संघाचे खरेदीसाहेब जीपमधून उतरले, ड्रायव्हरनं एक खोकं अंगणात आणून आपटलं. आतून वाळ्याचा वास असा उठला की शेजारच्या घरातली म्हैस उभी राहिली. साहेबांनी एक बाटली काढली. नवरीच्या अंगभर बारीक चिरांचं जाळं पडलं होतं, खांद्याशी ती उकलली होती, आतलं निम्मं उडून गेलं होतं. सगळ्या खोक्याची हीच गत. काही बाटल्यांवरचं सोनेरी नाव विरघळून बुडाशी थेंब होऊन लटकत होतं.

"मिश्रण जहाल झालंय," साहेब म्हणाले. "ॲसिड टाकलं की काय तुम्ही? कोण करतं मिश्रण?"

सोळा माना एका दिशेला वळल्या. मावशी उभी राहिली. पदर नीट केला.

"म्या करते."

"शिक्षण?"

"चौथी."

साहेबांनी चौथी हा शब्द असा लिहून घेतला जणू गुन्ह्याची कबुली. मग पत्र लिहिलं, 'मिश्रणदोष', सही, शिक्का. चेअरमनकाकूंनी मावशीकडे हात केला आणि मावशीनं कमरेची चावी सोडून त्या हातावर ठेवली. शेळ्या सोडायची वेळ झाली म्हणून निघून गेली.

मला काय झालं असेल विचार करा. माझ्या अंगात पत्रक संचारलं. मावशीचं मिश्रण चुकणार नाही, म्हणजे चूक बाटलीची, बाटली चाचांची, म्हणजे चोर चाचा! संपलं. इतकं सरळ गणित मी आयुष्यात सोडवलं नव्हतं. दुपारपर्यंत मजकूर तयार, दुसऱ्या दिवशी वडवणीत नारिंगी कागदावर छापून घेतला. 'सडक्या बाटल्यांचा सौदागर', असा मथळा. खाली 'कष्टकरी भगिनींच्या घामाशी खेळणाऱ्या व्यापाऱ्या, जबाब दे!' गठ्ठा काखेत मारून मी परळीच्या एसटीत बसले. शेजारी बसलेल्या आजोबांनाही एक दिलं. त्यांनी त्यात भजी बांधली.

दुकानापुढं उभी राहून मी वाटायला लागले. चौथा कागद चाचांनीच मागितला.

"दे की बेटी मला पन एक."

त्यांनी चष्मा चढवला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली. सौदागरपाशी थांबले, परत वाचलं. समोरच्या पानवाल्याला हाक मारली, "अबे, ऐकलं का? सौदागर म्हन्ली मला! तीस साल दुकान चालवतो, कुणी शेठसुद्धा म्हन्लं न्हाई." पानवाला उठून आला. चाचांनी त्याला कागद दिला, हा पाटीवर लावायचा म्हणाले. माझा राग कुठं ठेवावा मला कळेना. ज्याच्यावर ओरडायचं तोच वाहवा करतोय!

मग त्यांनी मला स्टूल दिलं, चिरलेली बाटली हातात घेतली आणि तिचा वास घेतला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बेटी, त्या दिवशी म्या काय विचारलं व्हतं तुला?"

मला आठवत होतं. स्पष्ट आठवत होतं.

"काय भरनार म्हनून विचारलं व्हतं," चाचा म्हणाले. "आन् तू काय म्हन्ली?"

"वाळ्याचं पाणी."

"म्या परत विचारलं, पानीच ना? अजून काय न्हाई ना त्यात?"

"पाणीच, म्हटलं."

"आन् हे काय हाय?"

माझ्या तोंडून शब्द निघेना. दारूचं दुकान बंद पाडणारी मी, परळीच्या बाजारात, चार गिऱ्हाइकांसमोर! शेवटी निघाला. "स्पिरिट."

"हां!" चाचा असे खुश झाले जणू मी पास झाले. "ही बाटली पेना ठेवायची, टिकल्या ठेवायची. सुकं काही बी ठेव, लई दिवस टिकंल. स्पिरिट म्हन्ली असतीस तर म्या तुला ही हातात बी दिली नसती."

आणि त्यांनी मला जे दाखवलं ते कुठल्याही शिबिरात कुणी दाखवलं नव्हतं. त्यांना साखरेचा आजार, सुई टोचायच्या आधी पुसायला स्पिरिटची लहान बाटली गल्ल्याजवळ असते. त्यांनी माझ्या नवरीची एक कोरी बहीण काढली, माझ्या हातात दिली, दोन अंगठ्यांनी दाबून धर म्हणाले, आणि कापसाचा ओला बोळा खांद्यावरून फिरवला. मी धरून बसले. पानवालाही बसला. थोड्या वेळानं माझ्या अंगठ्याखाली चट् असा आवाज झाला. बघते तर केसासारखी चीर. मग दुसरी. मग दहा. बाटली माझ्या हातात म्हातारी होत होती.

"फॅक्टरीत साच्यातून निघतानाच हिच्या अंगात ताण राह्यलेला असतो," चाचा म्हणाले. "पान्याला ती दाद देत न्हाई. स्पिरिट बरोबर तिथंच शिरतं."

मग पंप खोलून आतलं वायसर दाखवलं. हे रबराचं असेल तर स्पिरिट पिऊन फुगतं आणि एक दिवस पंप अडकतो. पॉलिथिनचं असेल तर ठीक. आत उतरणारी नळी तपासायची. वरची छपाई नखानं नाही, स्पिरिटनं घासून बघायची. "आन् माझ्यावर बी भरोसा ठेवू नको," ते म्हणाले. "तुमचं जे हाय तेच भरून पंधरा दिवस बघ. उभी बघ, आडवी बघ, उलटी बघ. उन्हात बघ. मंग माझ्याकडं ये."

आत जायचंय तेच भरून बघा. मावशी, चौथी पास, महिन्याभरापूर्वी हेच म्हणाली होती. आणि तिला नियम वाचून दाखवणारी कोण होती ते वर लिहून ठेवलंच आहे.

उरलेला नारिंगी गठ्ठा मी चाचांकडेच ठेवला. त्यांनी तो आनंदानं घेतला. बाटल्या गुंडाळायला बरा पडतो म्हणाले.

मावशी मला माळावर सापडली, शेळ्यांमागं. मी सगळं सांगितलं. खोटं बोलल्याचं सांगितलं, बाटलीचं सांगितलं. मला वाटलं ती शिव्या घालेल, मग मी रडेन, मग ती जवळ घेईल. असं काही झालं नाही.

"मंग माझी चावी कावून घेतली?" ती म्हणाली.

मी तोंड उघडायच्या आत ती पुढं बोलली.

"मुकादम अक्षय्य तृतीयेला येतोय कोयत्यांची नावं लिवायला. दुष्काळाचं औंदा लवकर फिरायलेत. तवर काय ते ठरवा तुमी बाया. न्हाईतर आमी नाव देतो." आणि तिनं एका बोकडाला अशी हाक मारली की तो आणि मी दोघंही हललो.

अक्षय्य तृतीयेला वीसेक दिवस होते. परीक्षेला पंधरा लागणार होते. मी पळत सुटले.

चेअरमनकाकूंनी भिंतीवरची नियमावली स्वतःच्या हातानं काढली. खळ इतकी पक्की होती की भिंतीचा पोपडा सोबत आला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पारासमोरच्या ओट्यावर, सगळ्या गावादेखत, आम्ही स्पिरिटचा कॅन उघडा आणून ठेवला. मी वर चढून ओरडले, "हे स्पिरिट आहे! स्पिरिट! आम्ही त्याचा फवारा करतो!" इतकं मोकळं मला मतदानाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. चूल, बिडी, काडेपेटी जवळ आणायची नाही म्हणून काकूंनी पारावरच्यांचे खिसे तपासले. लोकांनी तपासू दिले! दुष्काळात करमणूक दुसरी काय होती?

चाचांनी परळीहून माझ्यासोबत दिलेले पाच प्रकार ओट्यावर मांडले. काच, ॲल्युमिनियम, दुधी प्लास्टिक, पाण्याच्या बाटलीसारखं लवचीक पण जाड आरपार प्लास्टिक, आणि पाचवी आमची नवरी, आरोपी म्हणून. प्रत्येकीच्या तीन. एक उभी, एक आडवी, एक उलटी. मिश्रण मावशीनंच करायचं असं मी म्हटलं, मावशी आली नाही. काकूंनी केलं. निम्मे दिवस बाटल्या पत्र्यावर उन्हात, निम्मे सावलीत. वडवणीच्या बाजारादिवशी सोनाराचा काटा मागून आणला आणि बाटल्या तोलल्या. सोनार स्वतःच काट्यासोबत आला, काटा एकटा पाठवायला त्याचा जीव होईना.

ते पंधरा दिवस गावाला वेड लागलं होतं. टँकरवाला दर खेपेला आधी ओट्याशी थांबून काखेत फवारा मारून घ्यायचा आणि मग पाणी सोडायचा. शेळ्यांना वाळ्याचा वास, एसटीच्या कंडक्टरला वाळ्याचा वास. छपाई घासायचं काम चेअरमनकाकूंनी घेतलं, घाम पुसला, आणि दिवसभर कपाळावर सोनेरी 'वाळा' उलटा उमटवून फिरल्या. कुणीच सांगितलं नाही. आरसा घरी गेल्यावर भेटला त्यांना. काकांनी एकदा संधी साधून बोटभर स्पिरिट जिभेवर ठेवलं. पिऊ नये म्हणून त्यात कडू घातलेलं असतं, हे परवान्यावर लिहिलेलं होतं, पण काका परवाने वाचत नाहीत. ते ओट्याला तीन फेऱ्या मारून थुंकत होते.

"काय बे, कशी लागली?" पारावरून कुणीतरी विचारलं.

"आडवी बाटली म्हंजी काय त्ये आज कळलं बे!" काका म्हणाले आणि परत थुंकले.

नवरी तिसऱ्या दिवशीच उकलली. काचेला काही म्हणजे काही झालं नाही, पण टेम्पोतून दिंद्रुडला नेऊन आणल्या तेव्हा तिघींतल्या दोघी वाटेतच गेल्या. ॲल्युमिनियमही टिकलं, पण आत किती उरलं ते दिसेना आणि बाया सारख्या कानाशी हलवून बघू लागल्या. आता लढत उरली दुधी आणि जाड आरपार यांच्यात. काटा दोघींना सारखाच म्हणत होता. सोनारानं हात वर केले.

बाराव्या दिवशी मावशी आली. कुणी बोलावलं नव्हतं. शेळ्या रस्त्यावर तशाच सोडून ओट्यापाशी आली, एकेक बाटली नाकाशी धरली, टोपणाशी, खांद्याशी, बुडाशी.

"हिचा वास अंगातून भाइर येतोय," दुधी बाटली बाजूला ठेवत ती म्हणाली. "अर्क चाललाय हळूहळू." मग आरपार तिघींपैकी उलटी ठेवलेली उचलली. "बाटली ठीक हाय. टोपण सुटलंय हिचं."

आम्ही पंप खोलला. एकाच पंपात चुकून रबरी वायसर आलं होतं, फुगून भोपळा झालेलं. बाकी दोन्हींत पॉलिथिन. सोनारानं आपला काटा पेटीत घातला. "माझं काय काम हितं," म्हणाला.

जाड आरपार बाटली, पॉलिथिनच्या वायसरचा पंप, छपाईऐवजी चिकटवलेला कागद. ठरलं. काकूंनी साहेबांना फोन लावला. साहेब आले ते अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी.

त्यांच्यासमोर मी पत्रक वाचलं. नवं. नारिंगी कागदावरच. 'अन्याय कुणावर: मिश्रणवाल्या मावशीवर. कुणी केला: दुकानदाराशी खोटं बोलणारी, परीक्षा पाण्यानं घेणारी, या पत्रकाची लेखिका.' बाया इतक्या हसल्या की मला दोनदा थांबावं लागलं. मावशी हसली नाही.

"बरं, बाटली बदलली, विषय संपला," साहेब म्हणाले. "नवीन माल घेऊ. फक्त मिश्रण दुसऱ्या कुणाकडे द्या. फाईलला दोष लागलेला आहे, मला वर उत्तर द्यावं लागतं."

"दोष बाटलीचा व्हता की," काकू म्हणाल्या.

"असेल. मागचं कशाला उकरता?"

मावशी पुढं आली. शिल्लक राहिलेली एक कोरी नवरी तिनं मिश्रणानं भरली, टोपण घट्ट लावलं आणि साहेबांच्या हातात दिली. "धरा सायब. खांद्यापाशी दाबून धरा."

"कशाला?"

"धरा तर."

साहेबांनी धरली. सोळा बाया, पार, टँकरवाला, सगळे बघत होते म्हणून धरली. बोलत राहिले, वरिष्ठ, प्रक्रिया, नोंद. बराच वेळ बोलले. मग चट् झालं. साहेबांनी दचकून आणखी दाबली आणि नवरीनं कमरेपासून गुडघ्यापर्यंत त्यांची पँट न्हाऊ घातली. काय वास सुटला! काकूंनी धावत जाऊन काकांच्या खिशातली काडेपेटी पुन्हा काढून घेतली.

"आता ल्ह्या," मावशी म्हणाली. "मिश्रण तेच. बाटली कुटली व्हती ते ल्ह्या."

साहेबांनी लिहिलं. ओल्या पँटीवर फाईल ठेवून लिहिलं: 'बाटली अयोग्य, मिश्रण बरोबर.' सही केली. मावशीनं तो कागद मला वाचायला लावला. मग माझ्यावर विश्वास नाही म्हणून काकूंना वाचायला लावला. मग चावी कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी मुकादम आला, तिनं दारातूनच सांगितलं, "आमचं नाव लिवू नका औंदा." आणि मागून काका, "लिवू नका! शेळ्या कोन राखल?"

पण माझं पत्रक इथं संपत नाही. 'मिश्रणदोष' लिहिलेल्या त्या पहिल्या पत्राच्या प्रती सोमवारीच जिल्ह्यातल्या सगळ्या महिला गटांना गेल्या होत्या, सावध करायला. दुरुस्तीची प्रत कुणालाच गेली नाही. फवारा उन्हाळ्यापुरता खपतो. बाकीचे महिने मावशीचं पोट भरेल ते दुसऱ्या गटांना मिश्रण शिकवून, आणि तीन गटांनी तिला परत पाठवलं, कारण त्यांच्या फाईलीत ते पत्र आहे. पुढच्या दिवाळीच्या आत हे मिटलं नाही तर कोयता पुन्हा निघेल.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही गटात असाल, तुमची आई, बहीण, सून असेल, तर हे पान खाली ठेवा आणि उठा. गटाची फाईल काढा. ते पत्र शोधा. त्यावर आडवी रेघ मारा, खाली 'बाटली अयोग्य, मिश्रण बरोबर' असं लिहा, सगळ्या जणींच्या सह्या घ्या आणि संघाला परत पाठवा. मग मावशीला शिकवायला बोलवा. आज.